टंकलेखनाबद्दल आभार

हिल्डी झिंक भांडकुदळ बाई आहे, असं आमच्या कॉलेजात अजून सांगतात. सांगोत बापडे. सव्वीस वर्षं ती इंग्रजी विभागाच्या दारातल्या टेबलाशी बसून सगळ्यांची टिपणं टाईप करत होती, तेव्हा तिचा आवाज कुणाला माहीत नव्हता. एकदाच चढला, तर सगळ्यांचे कान दुखायला लागले. त्याला ती काय करणार?

नोव्हा स्कोशियाच्या या दक्षिण किनाऱ्यावर, हेकमन कोव्हमध्ये तिचा जन्म. सतराव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात लागली. हेरिंग चिरताना बायकांची तोंडं जी चालत, ती हिल्डी ऐकत असे. कान असा तिखट, की एखादीनं नुसतं 'मीठ दे गं' म्हटलं तरी ही सांगे, बाई अमुक खाडीची, पण आई पलीकडच्या बेटावरची. बायका म्हणायच्या, चेटकीण आहे मेली. पुढं लॉइड झिंकशी लग्न झालं. तो शिंपल्यांच्या बोटीवर, महिन्यातले वीस दिवस पाण्यात. हिनं टाईपिंग शिकून घेतलं आणि १९७९ साली कॉलेजात चिकटली. त्याच वर्षी टोरांटोहून प्रोफेसर आर्थर पेनहॅलो आले. या किनाऱ्यावरच्या बोलीचा शब्दकोश करणार होते.

पेनहॅलो म्हणजे काय चीज होती! दुसऱ्याच्या लेखातल्या तळटीपेत स्वल्पविराम चुकला तरी तीन पानी पत्र लिहायचे. एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्यांनी पानांचे क्रमांक खालच्या बाजूला दिलेत म्हणून परत केला होता. असा माणूस शब्द गोळा करायला निघाला तो टाय लावून, चकचकीत टेपरेकॉर्डर घेऊन. यंत्र धरायला हिल्डी.

पहिला माणूस गाठला तो एमॉस हिमलमन. ऐंशी वर्षांचा म्हातारा, उभा जन्म समुद्रावर गेलेला. हे दोघं पुढच्या दारानं आत गेले. पुढच्या दारानं आमच्याकडं दोघंच येतात, पाद्री आणि पोलीस. म्हातारा कोट घालून ताठ बसला आणि तासभर रेडिओवरच्या बातम्या दिल्यासारखं इंग्रजी बोलला. त्याचा स्वतःचा म्हणावा असा एक शब्द नाही. पेनहॅलो नवी टेप आणायला गाडीकडे गेले, तसा म्हातारा हिल्डीकडे वाकून म्हणाला, "हा कोण गं शहाणा? मघापासून माझ्या तोंडाकडं बघतोय. दात मोजतोय की काय?"

हे वाक्य त्यानं शुद्ध हेकमन कोव्हच्या बोलीत म्हटलं, आणि त्यातले तीन शब्द कुठल्याही कोशात नव्हते. हिल्डीनं ते पर्समधल्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतले. तेच या कोशाचं पहिलं कार्ड.

त्यानंतर पेनहॅलो कुणाच्याही स्वयंपाकघरात गेले नाहीत. "हिल्डी, तूच जा. तुझ्यापुढं ही माणसं मोकळी होतात," ते म्हणाले. म्हणाले ते अगदी खरं. ही मागच्या दारानं जायची, बाहेर बूट काढायची, बटाटे सोलायला हात लावायची आणि गप्प बसायची. डब्यातलं दूध घातलेला काळाकुट्ट चहा समोर आला, की माणसं बोलू लागत. धुक्याला तेरा नावं तिनं एका विधवेच्या ओट्याशी मिळवली. लोणी संपलं की इकडं 'लोणी ऑल आहे' म्हणतात. हा शब्द आपल्या पणज्यांनी जर्मनीतून आणलाय, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुठल्या गावात तो फक्त खाण्यापिण्याला लावतात आणि कुठल्या गावात माणूस मेल्यावरसुद्धा 'ऑल' म्हणतात, हे हिल्डीनं शोधलं. अकरा गावं हिंडून, शनिवार-रविवारी, स्वतःच्या गाडीनं.

प्रत्येक कार्डावर शब्द, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. मग ती घरी टेबलावर कार्डं पसरायची आणि अर्थ लावायची. एका शब्दाचे पाच अर्थ असतील तर जुना कुठला, त्यातून फुटलेला कुठला. सुरुवातीला पेनहॅलो लाल शाईनं 'आधार काय?' असं लिहून परत पाठवत. ती आधार देई. सहा-सात वर्षांनी लाल शाई बंद झाली, कारण विचारण्यासारखं काही उरेना. मग ते कार्डांचा गठ्ठा बॅगेत टाकून परिषदांना जाऊ लागले. आज व्हिक्टोरिया, उद्या इंग्लंड. परत आले की सांगत, "हिल्डी, तुझी तेरा धुकी तिथं फार गाजली हं!"

तिला राग येत नव्हता असं नाही. पण १९८६ साली, कार्डांचं विसावं कपाट आलं त्या दिवशी, पेनहॅलोंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "हे पुस्तक तुझंही आहे बरं का. पहिल्या पानावर आपण दोघं." हे तिनं लॉइडला सांगितलं, बहिणीला सांगितलं, कबरीपाशी जाऊन आईलाही सांगितलं. हिल्डीला आयुष्यात दुसरं काही नको होतं. बढती मागितली नाही, टेबल बदलून मागितलं नाही. पुस्तकावर नाव. बस्स.

२००५ च्या एप्रिलमध्ये पुस्तक काढणाऱ्या छापखान्याकडून प्रुफं आली. विभागाचं टपाल फोडायचं काम तिचंच, म्हणून पाकीट तिनंच फोडलं. पहिलं पान: संपादक, आर्थर पेनहॅलो. खाली काही नाही. तिनं पान उलटलं. मग प्रस्तावना काढली आणि शेवटाकडून वाचायला लागली. ग्रंथपालाचे आभार. परिषदांचे आभार. हिवाळ्यात खोली उबदार ठेवणाऱ्या शिपायाचे आभार. आणि सर्वांत शेवटी, 'टंकलेखनाबद्दल मिसेस लॉइड झिंक यांचे आभार.'

स्वतःचं नावसुद्धा नाही! नऊ हजार शब्द जिनं एकेक करून आणले, तिची ओळख काय, तर लॉइडची बायको आणि टाईप करणारी. हिल्डीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती प्रुफं घेऊन तशीच आत शिरली, दार न ठोठावता.

"प्रोफेसर, हे काय आहे?"

पेनहॅलो तेव्हा निवृत्त झाले होते, पण खोली सोडली नव्हती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं? काही चुका राहिल्यात का?"

"माझं नाव राहिलंय."

"आहे ना. शेवटच्या परिच्छेदात."

"ते लॉइडचं नाव आहे. तो बोटीवर होता. त्यानं टाईप नाही केलं."

"हिल्डी, हिल्डी," ते हसले. तिला तो हसण्याचा आवाज अजून आठवतो, आणि आठवला की हातातली बशी जोरात आपटते. "नाव बदलून घेऊ. मिसेस हिल्डी झिंक. झालं समाधान?"

"तुम्ही पहिल्या पानाचं बोलला होता. आपण दोघं म्हणाला होता."

"असेन म्हणालो. माणूस उत्साहात बोलतो. पण हे बघ, शब्द वेचणारे खूप असतात. समुद्रकाठी मुलंही शिंपले वेचतात. कोश म्हणजे विद्वत्तेचं काम आहे. उद्या परिषदेत कुणी उठून विचारलं, या दुसऱ्या संपादकबाईंची पदवी काय? तर मी काय सांगू? हेरिंग चिरण्यात प्रावीण्य?"

हिल्डी प्रुफं उचलून बाहेर पडली. घरी आली आणि आंबवलेल्या कोबीचं भांडं एवढ्या जोरात ठेवलं की लॉइड दचकून उठला. त्याचं समुद्रावर जाणं तेव्हा थांबलं होतं, दिवसभर घरीच असे. सगळं ऐकून म्हणाला, "सोडून दे, हिल्डी. मोठी माणसं अशीच. आपलं आपल्याला ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक असून काय उपयोग? छापलंय त्याचं."

लॉइडनं वाद घातला नाही. तो कधीच घालत नसे.

आता पुढं जे झालं त्याला कारण पेनहॅलोंचा नखरा. ज्याला ते कारकुनी म्हणत, ते काम त्यांनी जन्मात वाचलं नाही. झालं होतं असं: ऐंशीच्या सुमारास कॉलेजनं नियम काढला, ज्या माणसाचं बोलणं नोंदवाल त्याची लेखी परवानगी घ्या. एक फॉर्म आला. त्यावर लिहिलं होतं, 'माझे बोलणे मी अमुक व्यक्तीच्या स्वाधीन करीत आहे. ते छापावे की नाही, व कोणाच्या नावाने, हे त्या व्यक्तीने ठरवावे.' नावाची जागा कोरी. तेव्हा हिल्डीनं विचारलं होतं, नाव कुणाचं घालू? पेनहॅलो स्वल्पविराम शोधण्यात गर्क होते. मान वर न करता म्हणाले, "जो समोर बसेल त्याचं घाल. मला या चिठोऱ्यांत गुंतवू नकोस."

समोर कोण बसायचं? हिल्डी. तीनशे बारा माणसं, तीनशे बारा फॉर्म. काही सह्या थरथरत्या, काही नुसत्या फुल्या. त्यातली निम्मी माणसं आता जमिनीखाली आहेत.

मे महिन्यात छापखान्यानं त्या परवानग्यांच्या प्रती मागवल्या. भाषाशास्त्राची नवी प्राध्यापिका डॅफ्नी ओकली हिच्याकडं ते काम आलं. तिशीची, चटपटीत पोरगी, अजून कुणाला घाबरायला शिकली नव्हती. हिल्डीनं खोकं काढून दिलं. डॅफ्नीनं वरचा कागद वाचला, मग त्याखालचा, मग मधूनच एक ओढला. आणि खाली खोक्याशेजारी जमिनीवरच बसली.

"हिल्डी, हे तू वाचलंयस?"

"वाचलंय म्हणजे? भरलेच मी."

"अगं, यात त्यांचं नाव कुठंच नाही. सगळ्यात तुझं आहे. तू नको म्हणालीस तर या पुस्तकातलं एक वाक्यसुद्धा छापता येणार नाही त्यांना!"

हिल्डीनं कागद हातात घेतला. एमॉस हिमलमनची सही होती ती. जहाजाच्या दोरासारखी गाठीगाठींची.

"बरं," ती म्हणाली. "मग मी नको म्हणते."

काय गोंधळ उडाला! डीननं बैठक बोलावली. एका बाजूला पेनहॅलो, त्यांचे दोन जुने विद्यार्थी जे आता स्वतः प्रोफेसर झालेत, आणि कॉलेजचा वकील. दुसऱ्या बाजूला हिल्डी आणि डॅफ्नी. वकिलानं आधी गोड बोलून पाहिलं. मिसेस झिंक, सव्वीस वर्षांचं काम फुकट जाईल. मिसेस झिंक, तुमच्याच लोकांची बोली आहे ही. पेनहॅलोंच्या एका विद्यार्थ्यानं तर, "बाईंना कुणीतरी शिकवून पाठवलंय," असं तिच्या तोंडावर म्हटलं, जणू ती खोलीत नव्हतीच.

"मला कुणी शिकवावं लागत नाही," हिल्डी म्हणाली. "मी एवढंच म्हणते, दोन नावं. सारख्या अक्षरांत. खालीवर करा, मला त्याचं काही नाही."

"अशक्य," पेनहॅलो म्हणाले.

"का, आर्थर?"

सव्वीस वर्षांत तिनं पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारली. त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा लाल झाला. "कारण हे शास्त्र आहे! मी आयुष्य घातलंय यात!"

"कुठं घातलंस? एका तरी माणसाचं नाव सांग, ज्याच्या घरी तू गेलास. एमॉस सोडून. त्यानं तुला बातम्या सांगितल्या." ती उठून उभी राहिली. आवाज असा चढला की बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं थांबली. "धुक्याची तेरा नावं घेऊन तू इंग्लंडला गेलास. ती कुणाच्या ओट्याशी मिळाली ते तुला माहितेय? नाही. बाईचं नाव कार्डावर होतं, ते सुद्धा तू वाचून दाखवलं नाहीस. चोर आहेस तू, आर्थर. टाय लावलेला चोर."

डीन म्हणाले, "मिसेस झिंक, कृपा करून—"

"हिल्डी म्हणा. मिसेस झिंक माझी सासू होती. तीही कजाग होती."

पेनहॅलो उठले. बोटं टेबलावर टेकली आणि थंडपणे म्हणाले, "टायपिस्टच्या शेजारी माझं नाव छापलं जाणार नाही. मी माझं नाव काढून घेतो. प्रस्तावनाही काढून घेतो. बघू या तुमचं हे पुस्तक कोण छापतं."

त्यांचा डाव असा, की प्रोफेसराच्या नावाशिवाय छापखाना माघार घेईल, मग बाई रडत येईल. पण छापखान्याच्या वकिलानं कार्डं तपासली. चाळीस हजार कार्डं. शब्द हिल्डीच्या अक्षरात, अर्थ हिल्डीच्या अक्षरात, अर्थांचे फाटे हिल्डीच्या अक्षरात. पेनहॅलोंचं काय होतं, तर पहिल्या सात वर्षांतली लाल शाई. नऊ पानांची प्रस्तावना गेली तर गेली, असं छापखान्यानं ठरवलं. पेनहॅलोंनी खोली रिकामी केली. जाताना तिच्या टेबलासमोरून गेले, पण एकदाही पाहिलं नाही. तीही टाईप करत राहिली.

पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात पुस्तक आलं. पहिल्या पानावर एकच नाव, हिल्डी झिंक. त्याखाली तीनशे बारा माणसांची नावं, गावांसकट, हा तिचा हट्ट. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये लोक जमले. म्हाताऱ्या आपापलं वाक्य शोधून मोठ्यानं वाचत होत्या आणि एकमेकींना चिडवत होत्या. "बघ, चौऱ्याण्णव पान, माझं आहे! तुझं कुठं आहे? तू तेव्हाही नुसती खात होतीस!" हिल्डी त्या दिवशी रडली. लॉइडनं दोन प्रती घेतल्या, एक वाचायला आणि एक ठेवायला. तिला वाटलं, झालं. आता काही नको.

फेब्रुवारीत या विषयाच्या मोठ्या त्रैमासिकाचा अंक टपालानं आला. डॅफ्नीनं पाठवला होता, सोबत चिठ्ठी: 'वाचू नकोस. मी उत्तर लिहितेय.' वाचू नको म्हटल्यावर कोण थांबतं? हिल्डीनं उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. परीक्षण चार पानी होतं, आणि त्यात पुस्तकाची तोंड भरून स्तुती होती. अर्थांची मांडणी किती शिस्तीची, आधार किती पक्के, गेल्या पन्नास वर्षांत असं काम झालं नाही. आणि शेवटी:

'औपचारिक शिक्षण नसलेल्या व्यक्तीच्या हातून अशी शास्त्रीय मांडणी होणे संभवत नाही. हे काम कोणाच्या मार्गदर्शनाखाली झाले, हे या क्षेत्रातील सर्वांना ठाऊक आहे. त्या थोर विद्वानाचा आभारातही उल्लेख नसावा, हा कृतघ्नपणा खेदजनक आहे.'

खाली सही, बैठकीत 'शिकवून पाठवलंय' म्हणणाऱ्या त्याच विद्यार्थ्याची. काम जितकं चांगलं, तितकं ते तिचं नाही! म्हणजे तिनं ते वाईट केलं असतं, तरच तिचं ठरलं असतं. हिल्डीनं त्याला मासळीच्या कारखान्यातल्या सगळ्या शिव्या घातल्या. त्यातल्या चार कोशात आहेत. मग अंक टेबलावर फेकला आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

लॉइडनं अंक उचलला, चष्मा लावला. त्याला वेळ लागतो वाचायला. ओठ हलवत त्यानं चारही पानं वाचली. चहा झाला, तिनं त्याच्यापुढं कप ठेवला, तरी वाचतच होता. शेवटी त्यानं अंक नीट मिटून बाजूला ठेवला.

"हलकट लोक आहेत," तो म्हणाला.

"आहेतच."

त्यानं चहा ढवळला. मग म्हणाला, "पण हिल्डी, रागावू नकोस हं. एवढं जाड पुस्तक. ते अर्थबिर्थ लावायचं वगैरे... थोडंफार तरी त्यानं सांगितलं असेलच ना तुला?"

हिल्डीनं त्याच्याकडं पाहिलं. याच टेबलावर सगळी कार्डं पसरलेली असायची. समुद्रावरून आला की हाच ती बाजूला सारून जेवायला बसायचा. पेनहॅलोला तिनं उत्तर दिलं होतं, डीनला दिलं होतं, वकिलाला दिलं होतं. याला काय द्यायचं?

"नाही, लॉइड," ती म्हणाली. "मीच केलं. सगळं."

"बरं, बरं," तो घाईनं म्हणाला. "मी आपलं विचारलं." आणि मान डोलावली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती मान तिला पाठ झाली होती. वाद नको म्हणून डोलावलेली मान होती ती, पटलं म्हणून नव्हे.

जिंकला मेला आर्थर, हिल्डीच्या मनात आलं. ती ओट्याकडं तोंड करून बटाटे सोलायला लागली.